साम्य सर्वानुमते मंजूर

चित्रकाराला लोक दोनच प्रश्न विचारतात. "हे कशाचं चित्र आहे?" आणि "दिवसभर घरीच असता ना?" पहिल्याचं उत्तर मी देत नाही आणि दुसऱ्याचं दिलं तरी कुणी ऐकत नाही. असते हो घरीच. दाताचा डॉक्टरही दवाखान्यातच असतो, म्हणून कुणी त्याच्याकडे वाटाणे सोलायला नेऊन देत नाही. माझ्याकडे देतात. नणंदेच्या नातवाला शाळेत हृदयाच्या रचनेचा तक्ता न्यायचा असतो, की लगेच नणंदेचा फोन. "तुला काय गं, दोन मिनिटांचं काम. हातात कला आहे तुझ्या!" आजवर आठ हृदयं, तीन पचनसंस्था आणि एक ज्वालामुखी काढून दिलाय मी. ज्वालामुखीला दुसरा नंबर मिळाला, तर त्याबद्दल बोलणीही खाल्ली.

खरं काम माझं तैलचित्रांचं. माणसांची, आणि त्यातही बहुतेक मेलेल्या माणसांची. जिवंत माणसाला बसायला वेळ नसतो आणि मेलेल्याला तक्रार करता येत नाही, म्हणून हा धंदा सुखाचा वाटेल. डोंबलाचं सुख! तक्रार करायला त्यांच्या संस्था मागे असतात की.

पलीकडच्या रस्त्यावर बायकांची शिवणशाळा आहे. तिला पन्नास वर्षं व्हायची होती, म्हणून सभागृहात संस्थापिकेचं चित्र लावायचं ठरलं. संस्थापिकेला सगळे 'मोठ्या बाई' म्हणायचे. त्यांना जाऊन एकतीस वर्षं झाली होती. एके सकाळी शाळेचं कार्यकारी मंडळ माझ्या मागच्या खोलीत येऊन उभं राहिलं. पुढे अध्यक्षबाई, त्यांच्या मागे फाइल छातीशी धरलेले चिटणीस, त्यांच्या मागे दोन सभासद. हे दोघे शेवटपर्यंत एक शब्द बोलले नाहीत, फक्त माना हलवत राहिले. सगळ्यांत मागून, दोन जिने चढून धापा टाकत, एक त्र्याऐंशी वर्षांच्या बाई आल्या. या मोठ्या बाईंच्या सख्ख्या बहीण. त्र्याऐंशी झाली तरी शाळेत त्या अजून 'धाकट्या बाई'च.

"फोटो?" मी विचारलं.

चिटणिसांनी फाइलमधून एक फोटो काढला. शाळेच्या पहिल्या तुकडीचा, चाळीस बायकांचा. मोठ्या बाई तिसऱ्या रांगेत उभ्या. चेहरा वाटाण्याएवढा, आणि तोही हललेला. कॅमेऱ्याचं बटण दाबलं त्याच क्षणी बाईंना शेजारच्या मुलीची कॉलर वाकडी दिसली म्हणे, आणि ती सरळ करायला त्या वळल्या. एक कान तेवढा स्पष्ट होता.

"दुसरा नाही?"

"त्यांना फोटो काढून घेणं आवडायचं नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या. "साधी राहणी. पण काळजी करू नका. आम्ही आहोत ना मार्गदर्शनाला. चेहरा प्रसन्न हवा."

"आणि करारी," चिटणीस म्हणाले.

"प्रसन्न आणि करारी. डोळ्यांत दूरदृष्टी दिसली पाहिजे."

"डोळ्यांत बुबुळं दिसतात," मी म्हटलं. "तुमच्यापैकी बघितलंय कुणी त्यांना?"

कुणीच नव्हतं बघितलं. अध्यक्षबाई शाळेत आल्या त्याच मुळी बाई गेल्यावर वीस वर्षांनी. मग सगळ्यांनी धाकट्या बाईंकडे बघितलं. "या आहेत ना! एकमेव साक्षीदार." धाकट्या बाईंनी काठी जमिनीवर आपटली आणि ठसक्यात सांगितलं, "ताई उंच होती. ताठ चालायची. गळ्यात मापाची फीत असायची कायम." एवढं बोलून त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. मला वाटलं, म्हातारीला या लोकांचा कंटाळा आला असेल. मलाही आलाच होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या एकट्याच आल्या. परत दोन जिने चढून. आमच्या ह्यांनी त्यांना पाणी दिलं. हे निवृत्त झाल्यापासून माझे कॅनव्हास ताणतात आणि चौकटी करतात, आणि बायकोच्या हाताखाली काम करतो म्हणून सगळ्यांना कौतुकानं सांगतात. ते बाहेर गेल्यावर धाकट्या बाईंनी दाराकडे बघून घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "मला तिचा चेहरा आठवत नाही."

मी ब्रश पुसत होते, ती थांबले.

"दहाएक वर्षं झाली. आवाज येतो कानात. तिच्या हाताला साबणाचा वास यायचा, तो येतो. चेहरा येत नाही. आधी डोळे गेले, मग तोंड गेलं. आणि ही शाळेतली माणसं मलाच विचारतात, मोठ्या बाई दिसायच्या कशा? मी आपली सांगते, उंच होती. काय सांगू मग? सख्ख्या बहिणीचा चेहरा विसरले म्हणून सांगू? लाज वाटते गं मला. तिनं मला आईसारखं वाढवलं. माझ्या पोटात अन्न पडलं ते तिच्या मशिनवर, आणि मी तिचं तोंड विसरले!"

त्या रडल्या नाहीत, पण काठीची मूठ दोन्ही हातांनी पिळत होत्या.

"तू काढ," त्या म्हणाल्या. "कशी काढायची ते तू बघ, तुझा धंदा आहे तो. मला तिला एकदा बघायचंय. एकदाच. मग पुसून टाकलंस तरी चालेल."

आणि मी काय केलं? मी छाती पुढे काढून म्हटलं, "मावशी, तीस वर्षं मी चेहरे काढतेय. हा आमचा माणूस नाही असं आजवर कुणी म्हटलेलं नाही मला. तुमची ताई मी तुम्हाला दाखवते." जीभ उचलून टाळ्याला लावायला काय लागतं!

इथं आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. मी शिकत होते तेव्हा आमचे सर म्हणायचे, हाताला अक्कल नसते. समोर जो बसेल त्याचाच चेहरा तो काढतो. डोक्यात दुसराच माणूस असला तरी हात समोरच्याचं ऐकतो. म्हणून नसलेल्या माणसाचं चित्र करायचं असेल तर समोरची खुर्ची रिकामी ठेवायची. तिच्यावर मांजरसुद्धा बसू द्यायचं नाही. हे मला पाठ होतं. नव्या मुलींना मी ते स्वतः शिकवलंय, वर बोट नाचवून.

माझ्या खोलीत बसायला धड अशी एकच खुर्ची आहे. उत्तरेच्या खिडकीजवळ, पायांभोवती खडूच्या खुणा केलेली, म्हणजे ती इंचभरही सरकली तर कळावं. दुसरं एक स्टूल आहे, पण ते तीस वर्षांच्या रंगानं इतकं माखलंय की त्यावर बसणाऱ्याचे कपडे आयुष्यातून उठतात.

अध्यक्षबाई दुसऱ्याच आठवड्यात मार्गदर्शनाला आल्या आणि स्टुलाकडे बघून सरळ खुर्चीत बसल्या. मी म्हटलं बसू दे, एकदाच येणार आहेत. त्या अकरा वेळा आल्या. रोज सकाळी अकराला, हातात पर्स, तोंडात सूचना.

"गाल जरा भरा ना. संस्थापिका खात्यापित्या घरच्या वाटल्या पाहिजेत."

त्या खात्यापित्या घरच्या नव्हत्या. बहिणीला पोसायला दिवसाला बारा तास मशीन चालवायच्या. पण मी गाल भरले.

"नाक फार धारदार झालंय. धारदार नाकाची माणसं लोकांना जवळची वाटत नाहीत."

नाक बोथट केलं.

"भुवया जरा कमानदार. त्यात एक विचार दिसतो."

आणि मी चिडत गेले. चिडले म्हणजे मी बोलत नाही, डोळे वटारून बघते. ज्याच्यावर राग येतो त्याच्याकडेच माणूस सारखा बघतो, ही गोष्ट मला वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी कळायची होती. एक ब्रश कॅनव्हासवर, एक जळजळीत नजर खुर्चीकडे. परत ब्रश, परत नजर. नवऱ्याकडे मी लग्नात एवढं बघितलं नसेल.

आणि गंमत बघा, चित्र जसजसं पुढं गेलं तसतशा अध्यक्षबाईंच्या सूचना कमी झाल्या. आठव्या दिवशी त्या म्हणाल्या, "आता येतंय हं." दहाव्या दिवशी म्हणाल्या, "काय प्रसन्न चेहरा आहे!" अकराव्या दिवशी खुर्चीतून उठल्या, चित्राजवळ आल्या, डोकं जरा तिरकं करून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "या बाईंना आपण फार वर्षांपासून ओळखतो असं वाटतं. हेच. याला हात लावू नका आता."

मीही खूश. माझ्या रागाला यश आलं असं वाटलं मला. गाढवीण मी, गाढवीण!

मंजुरीसाठी शुक्रवारी मंडळ पुन्हा आलं. धाकट्या बाईही आल्या. त्यांनी त्या दिवशी चांगले कपडे घातले होते, केस नीट विंचरले होते, चष्मा दोनदा पुसला. कुणाला तरी भेटायला आल्यासारख्या आल्या होत्या.  मी कपडा बाजूला केला.

मंडळानं टाळ्या वाजवल्या. दोन्ही सभासदांनी माना हलवल्या. धाकट्या बाई चित्रासमोर गेल्या, काठीवर वाकून जवळून बघितलं, मग लांबून बघितलं. मग वळून अध्यक्षबाईंना अगदी मनापासून म्हणाल्या, "तुमचं चित्र छान आलंय हो. आता ताईचं कधी काढणार?"

 मी चित्राकडे बघितलं, मग अध्यक्षबाईंकडे, मग परत चित्राकडे. कपाळ माझं! तीच हनुवटी, हनुवटीखालची ती दुसरी हनुवटी, उजव्या गालावरची खळीसुद्धा. गळ्यात मापाची फीत घालून अध्यक्षबाई माझ्या कॅनव्हासवर प्रसन्न आणि करारी उभ्या होत्या.

"काहीतरीच काय!" अध्यक्षबाई म्हणाल्या. पण चित्राकडे बघता बघता त्यांच्या चेहऱ्यावर एक गोड शंका पसरली आणि तिथंच मुक्कामाला राहिली. "आता तुम्ही म्हणताय तर थोडंसं... योगायोग आहे. एकाच ध्येयाला वाहून घेतलेली माणसं पुढे पुढे सारखी दिसायला लागतात. असं वाचलंय मी."

"कुठे?" मी विचारलं.

"वाचलंय."

"अहो, हे चुकलंय. चूक माझी आहे," मी म्हटलं. "मला पंधरा दिवस द्या. मी चेहरा खरवडून पुन्हा करते."

"खरवडून?" अध्यक्षबाईंनी स्वतःच्या गालाला हात लावला.

चिटणिसांनी घसा साफ केला आणि फाइल उघडली. "समारंभ मंगळवारी आहे. शिवाय कालच्या सभेत ठराव झालेला आहे. वाचतो. 'संस्थापिकांच्या तैलचित्रातील साम्य सर्वानुमते मंजूर करण्यात येत आहे.'"

"चित्र न बघता?"

"अध्यक्षांनी बघितलं होतं."

"या म्हणतायत ना नाही म्हणून! यांनी बघितलंय त्यांना. तुम्ही कुणी बघितलंय?"

"त्या मंडळावर नाहीत," चिटणीस अतिशय मृदू आवाजात म्हणाले.

चित्र ओलं होतं, तरी त्याच दिवशी हातगाडीवर घालून नेलं. अध्यक्षबाई शेजारून चालत गेल्या, कुणाचा धक्का लागू नये म्हणून. धाकट्या बाई जिना उतरायला लागल्या. मी मागे धावले. "मावशी, माझं चुकलं हो."

"असू दे गं." त्या थांबल्या नाहीत. एकेक पायरी उतरत म्हणाल्या, "नाही माझ्या नशिबात. विसरले मी, ती चूक माझी. तू कुठून आणणार तिला?"

त्यापेक्षा त्यांनी काठीनं बडवलं असतं तर बरं झालं असतं. मी वर येऊन आमच्या ह्यांच्या अंगावर खेकसले. ते चौकटीचे कोपरे घासत होते. "मी आठवड्यापूर्वीच ओळखलं होतं," ते म्हणाले.

"मग तोंड शिवलं होतं का तुमचं?"

"तुझ्या हातात ब्रश असताना कोण बोलणार? दिवाणखान्यातल्या चित्राला मी एकदा 'छान आहे, पण' म्हटलं होतं. त्यातलं 'पण' अजून काढतेस तू."

खरं होतं ते. म्हणून जास्तच राग आला. एक छोटा कॅनव्हास ओढला, ईझलवर लावला आणि त्याच्यासमोर शनिवारची सगळी सकाळ नुसती बसून राहिले. खुर्ची रिकामी. सरांनी सांगितलं होतं तशी. रिकाम्या खुर्चीसमोर बसलं की कॅनव्हासही रिकामाच राहतो, हे मात्र सरांनी सांगितलं नव्हतं. दुपारी मी ह्यांना धाकट्या बाईंकडे पाठवलं. म्हटलं, हाताला धरून आणा, नाही म्हणाल्या तरी आणा.

त्या आल्या आणि खुर्चीत बसायलाच तयार होईनात. "मला बसवून काय करतेस? मी निराळी, ती निराळी. मी आईवर गेले, ती वडिलांवर. आमच्यात काडीचं साम्य नव्हतं."

"साम्य राहू द्या. ते मंजूर झालंय. नुसत्या बसा आणि गप्पा मारा. चेहरा आठवू नका. त्या तुम्हाला कशा रागवायच्या ते सांगा."

"कशा म्हणजे? मारत नसे ती कधी."

"मग?"

"मग काय..." त्या जरा सैलावल्या. "मी एकोणीस वर्षांची होते. एका गिऱ्हाइकाच्या कोटाला बाही लावली होती मी. रात्रभर जागून. सकाळी तिच्या हातात दिली. मला वाटलं, आता शाबास म्हणेल. ताईनं कोट घेतला. बाही उलटी केली. शिवणीवरून असं बोट फिरवलं. आणि मग..."

मग धाकट्या बाईंनी मांडीवर नसलेला कोट धरला, मान मागे घेतली, हनुवटी गळ्यात रुतवली, खालचा ओठ आत ओढला आणि डावी भुवई, फक्त डावी, हळूहळू वर चढली. समोर बसलेली बाई त्र्याऐंशीचीच होती, पण या धाकट्या बाई नव्हत्या, दुसरीच कुणीतरी होती.  आणि तिनं एकच शब्द उच्चारला. "उसव."

"हलू नका!" मी एवढ्या जोरात ओरडले की बाहेर ह्यांच्या हातून हातोडी पडली.

"अगं काय झालं?"

"परत करा. तसंच. परत करा ते!"

"काय करू?"

त्यांना पत्ताच नव्हता. डोकं विसरलं होतं, पण तोंडाला पाठ होतं. चौसष्ट वर्षांत ही नक्कल त्यांनी किती वेळा केली असेल, कुणास ठाऊक. ताई वळली की पाठीमागे, मैत्रिणींत, पुढे मुलांना हसवायला. चेहरा आठवत नाही म्हणून झुरणारी बाई तो चेहरा स्वतःच्या तोंडावर घेऊन हिंडत होती, आणि स्वतःचं तोंड कुणाला दिसतंय!

मग तीन दुपारी आम्ही दोघींनी ते काम केलं. मी म्हणायची, "बाही उलटी करा." त्या करायच्या. मी म्हणायची, "उसव म्हणा." त्या म्हणायच्या. पन्नासेक वेळा तरी झालं असेल. मध्येच दमायच्या आणि भडकायच्या. "या वयात मला नकला करायला लावतेस? नाटकमंडळी आहे का मी?" आणि बोलता बोलता एखादी नवी आठवण निघायची, की परत तो ओठ आत, ती भुवई वर. मी कोळशानं रेषा टाकल्या, मग रंग. यावेळी मी चिडलेली नव्हते. मी घाबरलेली होते. एकदा शब्द देऊन तोंडावर पडले होते, दुसऱ्यांदा पडायची ताकद नव्हती. मी त्यांना चित्र बघू दिलं नाही. पाठमोरं ठेवलं.

एकच गोष्ट मला जमली नाही. मोठ्या बाई अठ्ठावन्नाव्या वर्षी गेल्या. चेहऱ्यावरची पंचवीस वर्षं उतरवायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. गालाची कातडी वर ओढली, केस काळे करून बघितले. ओढली की भुवई पडायची. केस काळे केले की ती बाई निघून जायची आणि नुसती कुणीतरी बाई राहायची. शेवटी पॅलेट नाइफनं तो काळा खरवडला आणि समोर जे होतं ते ठेवलं. पांढरे केस, सुरकुत्या, डोळ्यांखालच्या पिशव्या, सगळं. हाताला अक्कल नसते, मान्य. त्या तीन दिवसांत डोक्यालाही नव्हती.

मंगळवारी समारंभ झाला. मला जावं लागलं, पहिल्या रांगेत जागा होती. धाकट्या बाई आल्या नाहीत. "अध्यक्षबाई मला एरवीही दिसतात," असा निरोप त्यांनी पाठवला होता, तो चिटणिसांनी 'प्रकृतीच्या कारणास्तव' असा वाचून दाखवला. अध्यक्षबाईंनी दोरी ओढली, पडदा बाजूला झाला, आणि भिंतीवरून अध्यक्षबाईंनी अध्यक्षबाईंकडे दूरदृष्टीनं बघितलं. भाषणात त्या म्हणाल्या, "असे चेहरे आता होणे नाही." टाळ्या झाल्या. मी खाली बघत होते. शेवटी अध्यक्षबाई फोटोसाठी चित्राखाली उभ्या राहिल्या. फोटोग्राफर बाहेरचा माणूस, त्याला ठराव माहीत नव्हता. त्यानं कॅमेऱ्यातून बघितलं, कॅमेरा खाली घेतला, परत बघितलं.

"मॅडम, मोठ्या बाई तुमच्या कोण?"

"मी त्यांची वैचारिक वारस," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"मुलगी होय," तो म्हणाला. "वाटलंच."

अध्यक्षबाई नाही म्हणाल्या नाहीत.

मी तिथून तडक घरी आले, छोटा कॅनव्हास काखेला लागणार नाही असा दोन हातांत धरला आणि धाकट्या बाईंच्या घरी गेले. एक खोली, एक पलंग, एक खुर्ची, खिडकीशी शिवणाचं मशीन. त्या पलंगावर बसून गुडघ्यांना तेल चोळत होत्या. मी चित्र मशीनवर टेकवून उभं केलं आणि भिंतीला लागून उभी राहिले.  

त्यांनी चष्मा लावला. बघितलं. 

"ही ताई नाही," त्या म्हणाल्या.

मी चित्र उचलायला हात पुढे केला.

"ताई एवढी म्हातारी कुठे होती?" त्या चित्रावरून नजर न काढता बोलत होत्या. "केस काळे होते तिचे गेली तेव्हा. एक पांढरा नव्हता. ताई अशी..." आणि त्यांचा खालचा ओठ आपोआप आत गेला, हनुवटी खाली आली, डावी भुवई चढली. चित्रातल्या बाईनं तशीच भुवई चढवून त्यांच्याकडे बघितलं. धाकट्या बाईंचा हात तोंडावर गेला.

"अगंबाई," त्या म्हणाल्या. "अगंबाई ताई! म्हातारी झालीस की गं!"

आणि मग त्या रडल्या. मोठ्यानं, लहान पोरीसारख्या, नाक ओढत. मीही रडले, सांगायला काय जातंय. मला वाटलं होतं, सुरकुत्या बघून त्या म्हणतील, अजून चुकलंय. त्या हात लांब करून सुरकुत्यांवरून, रंगाला न लावता, हवेतूनच बोट फिरवत होत्या. "ही इथली मला चाळीशीतच पडली होती. तुला उशिरा पडली. हे बघ, डोळ्यांखाली पण आल्या तुला. बरं झालं. बरं झालं आल्या."

"मावशी, भिंतीला खिळा मारून देऊ का?" थोड्या वेळानं मी विचारलं.

"भिंतीवर कशाला? भिंतीवर संस्थापिका असतात." त्यांनी डोळे पुसले. "त्या खुर्चीवर ठेव तिला. माझ्यासमोर. हां, तशी. जरा पुढे."

मी खुर्ची पुढे सरकवली. त्यांनी पाय वर घेतला, तेलाची बाटली उघडली आणि समोर बघून म्हणाल्या, "काय गं, आता कळलं का गुडघे काय असतात ते? मला म्हणायचीस ना, आईसारखी कण्हू नकोस म्हणून? साडेतीन वाजले की बघ कसे ठणकतात. आणि तू निघून गेलीस त्या दिवशी सांगून गेलीस का मला? मी चहा करून बसले होते..."

मी दार हळूच ओढून घेतलं. जिन्यावरही त्यांचा आवाज येत होता. एकतीस वर्षांचं साठलेलं होतं, ताईला एक शब्द बोलू देत नव्हत्या.